सीसीमध्ये कोण? ईमेलची टपालव्यवस्था लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांची गोष्ट

आमच्या चिरनेरमध्ये कुणी सरकारी कचेरीत द्यायचा अर्ज लिहून आणला, की जाणती माणसं मजकुराआधी शेवट बघतात. सहीच्या खाली डावीकडे ‘प्रत माहितीसाठी’ असं लिहिलंय का? त्याखाली कोण कोण आहे? तहसीलदार, उरण? गटविकास अधिकारी, पंचायत समिती? मजकूर तोच असतो, पण त्या दोन ओळींमुळे अर्जाचं वजन बदलतं. ज्याच्या नावाने अर्ज आहे त्याला कळतं, की हे पत्र आपल्या एकट्याच्या टेबलावर नाही. आणि खाली नाव न लिहिता कुणी गुपचूप वेगळी प्रत वर पाठवली, तर तेही आज ना उद्या बाहेर येतं. मग मात्र माणसं दुखावतात.

ईमेलमधली सीसीची ओळ म्हणजे हीच ‘प्रत माहितीसाठी’. टाइपरायटरच्या काळात दोन कागदांमध्ये कार्बन पेपर घालून प्रत काढायचे, म्हणून नाव पडलं कार्बन कॉपी, थोडक्यात सीसी. बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी, नाव न दाखवता पाठवलेली प्रत.

मला या ओळीची किंमत कळली ती एका ओपन सोर्स प्रोजेक्टच्या मेलिंग लिस्टवर. मेलिंग लिस्ट म्हणजे काय, तर एकच ईमेल पत्ता. त्यावर मेल पाठवला की लिस्टच्या सगळ्या सभासदांना त्याची प्रत जाते आणि एक प्रत सार्वजनिक अर्काइव्हमध्ये कायमची राहते. व्हॉट्सॲप ग्रुपसारखंच, पण जुने मेसेज जगात कुणालाही शोधून वाचता येतात. मी तिथे एक छोटा पॅच पाठवला होता. मेंटेनरने त्यात चूक दाखवली. मी फोनवरून नुसतं ‘रिप्लाय’ दाबलं आणि त्यांना एकट्यालाच लांबलचक उत्तर लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं, पण सीसीमध्ये लिस्टचा पत्ता परत टाकून. वर एका ओळीत सांगितलं, की इथून पुढे लिस्ट सीसीमधून काढू नका.

तेव्हा मला राग आला. वाटलं, माझी चूक मुद्दाम चारचौघांत दाखवली. काही महिन्यांनी तोच एरर आलेल्या एका विद्यार्थिनीने अर्काइव्हमधला तो धागा वाचून तिचा प्रश्न सोडवला आणि आभाराचा मेल केला. माझं खासगीत लिहिलेलं उत्तर तसंच खासगीत राहिलं असतं, तर तिला ते कधीच मिळालं नसतं.

ही पद्धत आली कुठून, हे शोधायला लागलो तेव्हा वाट एका माणसापाशी गेली. त्यांचं नाव जॉन पोस्टेल. आज तुमच्या फोनमधून जाणारा जवळजवळ प्रत्येक ईमेल ज्या नियमांनी पोचतो, ते नियम १९८२ साली त्यांनी लिहिले.

एका ठिकाणी एकच प्रत

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातल्या ऑल्टाडीना इथे झाला. ते शिकले लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये. गंमत म्हणजे याच शाळेतून व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही बाहेर पडले. पुढे हे तिघेही यूसीएलए विद्यापीठात भेटले आणि तिघांचीही नावं इंटरनेटच्या इतिहासात कायमची बसली. पोस्टेल यांनी तिथे १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये डॉक्टरेट.

१९६९ हे वर्ष महत्त्वाचं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट नावाचं नेटवर्क उभं राहत होतं. चार ठिकाणचे कॉम्प्युटर जोडायचे होते. ते एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलणार, हे ठरवायचं काम बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांवर येऊन पडलं. मोठे प्रोफेसर नंतर येऊन नीट नियम करतील, असं या मुलांना वाटत होतं. कुणी आलं नाही.

मग क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ ला टिपणांची एक मालिका सुरू केली. हुकूम वाटू नये म्हणून तिला नाव दिलं रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, म्हणजे अभिप्राय मागणारं टिपण. थोडक्यात आरएफसी. ईमेल तेव्हा नव्हता. टिपणं कागदावर टाइप होऊन टपालाने जायची.

त्याच महिन्यात निघालेल्या तिसऱ्या आरएफसीमध्ये टिपणं कशी लिहायची आणि कुणाला पाठवायची, हे सांगितलं होतं. कच्चं असलं तरी चालेल, पण वेळेवर लिहा. कुणीही लिहू शकतो. आणि वाटपाचा नियम असा, की लिहिणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी एकच प्रत पाठवायची. तिथे आणखी लोकांना हवी असेल, तर त्यांनी आपल्याकडे प्रती काढून वाटायच्या. खाली माणसांची यादी होती. म्हणजे बघा, ईमेल येण्याआधीच या लोकांनी सीसीची ओळ आणि सीसीचा शिष्टाचार दोन्ही ठरवून टाकलं होतं. सगळ्यांना कळलं पाहिजे, पण कुणाच्या टेबलावर उगाच ढीग पडायला नको.

या टिपणांचं संपादन पोस्टेल यांच्याकडे आलं आणि मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. जवळजवळ अठ्ठावीस वर्षं.

आकड्यांची वही

संपादनाबरोबर दुसरं एक काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. नेटवर्कवर प्रत्येक सेवेला एक क्रमांक लागतो. दोघांनी एकच क्रमांक वापरला तर गोंधळ. मे १९७२ मध्ये, आरएफसी ३४९ मध्ये, पोस्टेल यांनी सुचवलं की क्रमांक वाटायला एक माणूस नेमावा. तो माणूस आपण स्वतः असावं का, असं त्यांनी कंसात, प्रश्नचिन्ह टाकून विचारलं. कुणी हरकत घेतली नाही.

तेव्हापासून कुणाला नवा क्रमांक हवा असला, की तो पोस्टेल यांच्याकडे मागायचा, ते नोंद करायचे आणि यादी सगळ्यांसाठी छापायचे. पुढे याच कामाला आयाना असं भारदस्त नाव मिळालं. खरं तर आयाना म्हणजे बराच काळ पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी. दाढी वाढलेली, पायात सँडल, सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरात. पण सगळं जग त्यांची यादी मानायचं. का? त्यांच्यामागे कायदा नव्हता. यादी उघडी होती, कुणालाही बघता येत होती, आणि क्रमांक देताना ते आपला-परका करत नाहीत हा अनुभव होता.

नको असलेली पत्रं

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी @ हे चिन्ह वापरून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर मेल पाठवला. सुरुवातीला ईमेलसाठी स्वतंत्र व्यवस्था नव्हती. तो फाइल पाठवायच्या एफटीपी या प्रोटोकॉलवर बसून जायचा. एफटीपी पहिल्यांदा लिहिला होता आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी. १९७३ मध्ये भूषण, टॉमलिन्सन आणि आणखी दोघांनी मिळून मेलच्या वर कोण, कधी आणि कशाबद्दल हे लिहायची एकसारखी पद्धत सुचवली. तुम्ही आज फोनवर बघता ते ‘फ्रॉम’, ‘डेट’ आणि ‘सब्जेक्ट’ तिथून आले.

मेल पाठवणं सोपं झालं आणि लगेच पुढचा प्रश्न आला. नोव्हेंबर १९७५ मध्ये पोस्टेल यांनी एक पानभर टिपण लिहिलं, आरएफसी ७०६. तेव्हा ते स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, माऊसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत होते. टिपणाचा विषय होता नको असलेली पत्रं. एखाद्या कॉम्प्युटरने निरुपयोगी मेसेजचा मारा केला, तर घेणाऱ्याकडे तो नाकारायची सोय नाही, ती असायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

तीन वर्षांत त्याचा पुरावा मिळाला. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका मार्केटिंग मॅनेजरने नव्या कॉम्प्युटरच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण अर्पानेटवरच्या शेकडो लोकांना एकाच मेलने पाठवलं. पत्ते इतके झाले, की मेल प्रोग्रॅममध्ये मावेनात आणि उरलेले पत्ते मजकुरातच सांडले. वाचणाऱ्याला आमंत्रणाआधी पानंच्या पानं नुसती नावं दिसली. याला जगातला पहिला स्पॅम म्हणतात. कुणाला प्रत पाठवायची याचा विचार न करता, मिळतील ते सगळे पत्ते भरले की काय होतं, याचं हे पहिलं मोठं उदाहरण.

लिफाफा वेगळा, पत्र वेगळं

मार्च १९७७ मध्ये पोस्टेल युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. इंटरनेटच्या आयपी आणि टीसीपी या मूळ प्रोटोकॉलचे दस्तऐवज त्यांनी इथेच संपादित केले. ईमेलला एफटीपीच्या पाठीवरून उतरवून स्वतःची टपालव्यवस्था द्यायचं कामही इथेच झालं. दोन-तीन मसुदे झाल्यावर ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ आला, सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे एसएमटीपी.

त्याच महिन्यात आरएफसी ८२२ आला. तो लिहिला होता स्टीव्ह क्रॉकर यांचे भाऊ डेव्ह क्रॉकर यांनी. ८२१ सांगतो मेल कसा वाहून न्यायचा. ८२२ सांगतो मेलच्या आत, डोक्यावर काय लिहायचं. टू, सीसी, बीसीसी या ओळी ८२२ मध्ये आहेत.

आता इथे जरा लक्ष द्या, कारण सगळी मेख इथे आहे.

तुम्ही ‘सेंड’ दाबता तेव्हा मेल सर्व्हर पुढच्या सर्व्हरशी एक छोटं संभाषण करतो. आधी ‘हेलो’ म्हणतो (कमांड चार अक्षरांची हवी म्हणून हॅलोमधला एक एल गाळला). मग सांगतो मेल कुणाकडून आहे. मग एकेक करून सांगतो कुणाकुणाला द्यायचा आहे. पुढचा सर्व्हर प्रत्येक नावाला हो किंवा नाही म्हणतो. त्यानंतर ‘डेटा’ म्हणून खुद्द पत्र दिलं जातं आणि एका ओळीवर एकटा पूर्णविराम टाकला की पत्र संपलं.

यात देवाणघेवाण झालेली नावं म्हणजे लिफाफ्यावरचा पत्ता. टू आणि सीसी या ओळी मात्र डेटाच्या आत, पत्रातच असतात. पोस्टमन लिफाफा बघतो, आतलं पत्र उघडत नाही. तसंच सर्व्हर पत्र पोचवताना सीसीची ओळ बघत नाही. तुमचं मेल ॲप टू, सीसी आणि बीसीसीमधली सगळी नावं घेऊन लिफाफ्यावर टाकतं, आणि बीसीसीची नावं पत्रातून पुसतं. बीसीसी चालतं ते एवढ्यावरच. लिफाफ्यावर नाव आहे, पत्रात नाही.

म्हणजे सीसीची ओळ पत्र पोचायला लागतच नाही. मग ती आहे कशासाठी? वाचणाऱ्यासाठी. या पत्राच्या वेळी खोलीत कोण कोण बसलंय, हे प्रामाणिकपणे सांगण्यासाठी. तो माणसाने माणसाला दिलेला शब्द आहे. मशीन तो पाळायला लावत नाही, म्हणून आपल्यालाच पाळावा लागतो. शिष्टाचार लागतो तो इथे.

आणखी एक गोष्ट. एकच पत्र एकाच सर्व्हरवरच्या दहा जणांना जायचं असेल, तर दहा वेळा पाठवू नका, लिफाफ्यावर दहा नावं टाकून मजकूर एकदाच द्या, असं आरएफसी ८२१ सुचवतो. एप्रिल १९६९ चा कागदी नियम आठवतोय ना? एका ठिकाणी एकच प्रत. तेरा वर्षांनी मशीनला शिकवलेली रीत तीच निघाली.

मुंबईपर्यंत आलेली यादी

१ जानेवारी १९८३ ला अर्पानेट टीसीपी/आयपीवर आलं. त्या बदलाची योजनाही पोस्टेल यांनीच लिहिली होती. त्याच वर्षी त्यांच्याच संस्थेतल्या पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम मांडली. आकडे लक्षात ठेवण्याऐवजी नावं वापरायची ही सोय. मग देशांची दोन अक्षरी नावं आली आणि ती वाटायचं काम साहजिकच आयानाकडे गेलं. देश कोणता आणि कोणता नाही, हे आपण ठरवायचं नाही, म्हणून पोस्टेल यांनी आधीपासून असलेली आंतरराष्ट्रीय मानकाची यादी घेतली. आपल्या हातातला अधिकार कमी करायची ही त्यांची रीत होती.

भारताचं ‘डॉट इन’ १९८९ मध्ये नोंदलं गेलं. त्याची नोंदवही आली मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे एनसीएसटीकडे. भारतातल्या ईमेलची सुरुवातही याच संस्थेच्या आसपास झाली. ऐंशीच्या दशकात एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात फोनच्या लाइनवरून मेलची ये-जा सुरू झाली होती. पुढे एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि २००५ मध्ये डॉट इनचं काम निक्सी या संस्थेकडे गेलं. पनवेलकडून लोकलने जाताना खारघर स्टेशनसमोर सी-डॅकचा कॅम्पस लागतो, तो मूळचा एनसीएसटीचा.

मशीनचा नियम माणसांना

पोस्टेल यांचं एक तत्त्व प्रोग्रॅमर लोकांत फार प्रसिद्ध आहे. १९८० मध्ये प्रोटोकॉलच्या दस्तऐवजात त्यांनी ते मांडलं. आपण जे पाठवतो ते अगदी काटेकोर असावं, आणि दुसऱ्याकडून येईल ते घेताना मन मोठं ठेवावं. सांगितलं होतं कॉम्प्युटर प्रोग्रॅमसाठी. समोरच्या प्रोग्रॅमने थोडी चूक केली म्हणून लगेच दार बंद करू नका, पण स्वतः मात्र नियम सोडू नका.

ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ आला. हा प्रोटोकॉल नव्हता, तर माणसांनी नेटवर कसं वागावं याचा कागद होता. लिहिला होता इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी. मालिकेचे संपादक तेव्हाही पोस्टेलच. पाठवताना काटेकोर आणि घेताना उदार हे तत्त्व या कागदात माणसांसाठी आलं. सीसीबद्दलही स्पष्ट सांगितलं होतं. उत्तर देताना सीसीकडे बघा. बोलणं दोघांपुरतं उरलं असेल, तर बाकीच्यांना त्यात अडकवून ठेवू नका.

याच सुमारास ओपन सोर्सच्या लिस्ट वाढत होत्या. १९९१ मध्ये लिनस टॉरवॉल्ड्स यांनी लिनक्स सुरू केलं. त्याचं काम आजही मोठ्या प्रमाणात मेलिंग लिस्टवर चालतं. आता गंमत बघा. लिनक्स कर्नलच्या लिस्टवर रीत अशी, की नेहमी ‘रिप्लाय ऑल’ करायचं आणि सीसीमधून कुणाला गाळायचं नाही. डेबियन प्रोजेक्टच्या लिस्टवर नियम उलटा. उत्तर लिस्टलाच द्यायचं, मूळ लिहिणाऱ्याने मागितल्याशिवाय त्याला वेगळं सीसी करायचं नाही.

दोन्ही बरोबर कसे? कर्नलच्या लिस्टवर मेलचा पूर येतो. मेंटेनर तो सगळा वाचत नाहीत, आपलं नाव सीसीमध्ये असेल ते आधी वाचतात. शिवाय सभासद नसलेली व्यक्तीही तिथे मेल पाठवू शकते. तिला सीसीमधून काढलं, तर तिला उत्तर कळणारच नाही. म्हणून कोणता भाग कोण सांभाळतं हे सांगणारी एक स्क्रिप्टच कर्नलच्या सोर्समध्ये ठेवलेली आहे. पॅच पाठवण्याआधी ती चालवायची आणि आलेली नावं सीसीत घालायची. डेबियनमध्ये लिहिणारा बहुतेक वेळा सभासद असतो, त्याला लिस्टवरून प्रत मिळतेच. वेगळं सीसी केलं तर एकाच पत्राच्या दोन प्रती. जीमेल सारख्या ओळखक्रमांकाच्या दोन प्रतींपैकी एकच दाखवतं, म्हणून आपल्याला फोनवर हे जाणवत नाही. साध्या मेल प्रोग्रॅममध्ये वाचणाऱ्याला मात्र दोन्ही दिसतात.

रीत दोन दिसल्या तरी तत्त्व एकच. ज्याला लागतं त्याला मिळावं, आणि एकदाच मिळावं.

२८ जानेवारी १९९८

आता पोस्टेल यांच्या आयुष्यातला सगळ्यात वादाचा मेल.

नव्वदच्या दशकात इंटरनेटमध्ये पैसा आला. डोमेनची नावं विकली जाऊ लागली. नावांची मूळ यादी ज्या सर्व्हरवर असते त्यांना रूट सर्व्हर म्हणतात. तेव्हा ते तेरा होते. पहिला, म्हणजे ए, नेटवर्क सोल्युशन्स ही खासगी कंपनी सरकारी करारावर चालवायची आणि बाकीचे बारा त्याची नक्कल घ्यायचे. हे सगळं शेवटी कुणाच्या ताब्यात राहणार, यावर अमेरिकी सरकार, कंपन्या आणि जुने इंजिनिअर यांच्यात ओढाताण चालू होती.

२८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना मेल पाठवून विनंती केली, की इथून पुढे यादी ए सर्व्हरवरून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्यावी. आठही जणांनी त्यांचं ऐकलं. एका माणसाच्या एका मेलवर जगातले बहुतेक रूट सर्व्हर दुसरीकडे वळले. यादी तीच होती, त्यामुळे कुणाची वेबसाइट बंद पडली नाही, कुणाला काही जाणवलं नाही.

पण सरकारला हे आधी कळवलेलं नव्हतं. कळलं तेव्हा व्हाइट हाउसमध्ये खळबळ उडाली. पोस्टेल आणि त्यांच्या विद्यापीठाला फोन गेले. ही एक चाचणी होती, असं पोस्टेल यांनी सांगितलं आणि साधारण आठवड्याभरात सगळं पूर्ववत केलं. काहींच्या मते ती खरोखर चाचणी होती. काहींच्या मते, इंटरनेट कुणाच्या विश्वासावर चालतं हे त्यांनी दाखवून दिलं.

मला यात दिसते ती टू आणि सीसीची गोष्ट. मेल ज्यांनी काम करायचं त्यांच्यापर्यंत बरोबर गेला. तांत्रिकदृष्ट्या कसलीही चूक नव्हती. पण ज्यांना माहिती असायला हवी होती ते त्या खोलीत नव्हते. ज्या माणसाने तीस वर्षं सगळ्यांना प्रत मिळेल याची काळजी घेतली आणि त्यावरच विश्वास कमावला, त्यांच्याबद्दल त्या एका आठवड्यात शंका उभी राहिली. त्यांचं मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण नियम लिहिणाऱ्यालाही ही ओळ सुटली नाही, एवढं नक्की.

त्याच वर्षी आयानाचं काम सांभाळायला आयकॅन ही संस्था सप्टेंबरअखेर स्थापन झाली. तिच्या उभारणीत पोस्टेल गुंतलेले होते. पण ते काम सुरू झालेलं बघायला ते राहिले नाहीत. हृदयाच्या झडपेचा त्रास त्यांना आधीपासून होता. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५५. यूसीएलएपासूनचे सोबती व्हिंट सर्फ यांनी श्रद्धांजली लिहिली आणि ती छापली गेली आरएफसी २४६८ म्हणून. ज्या मालिकेत पोस्टेल यांनी इतरांची टिपणं आयुष्यभर नीटनेटकी केली, त्याच मालिकेत.

मग आपण काय करायचं?

तुम्ही उद्या एखाद्या ओपन सोर्स लिस्टवर पहिला मेल पाठवणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा.

- आधी त्या लिस्टचे नियम आणि अर्काइव्हमधले चार धागे वाचा. तिथे कर्नलची रीत आहे की डेबियनची, ते लगेच कळतं.
- फोनवर ‘रिप्लाय’ आणि ‘रिप्लाय ऑल’ शेजारी असतात. लिस्टवरची चर्चा लिस्टवरच ठेवा. चूक दुरुस्त करणारं उत्तर तर नक्कीच.
- पासवर्ड, कुणाची वैयक्तिक माहिती, किंवा अजून दुरुस्त न झालेली सुरक्षेची त्रुटी लिस्टवर टाकू नका. त्यासाठी बहुतेक प्रोजेक्टचा वेगळा खासगी पत्ता असतो.
- नवीन कुणाला सीसीमध्ये घेतलं, तर मेलच्या सुरुवातीला एका ओळीत सांगा, की अमुक यांना अमुक कारणासाठी घेतलंय. कुणाला काढलं तरी सांगा.
- लिस्टला बीसीसी करू नका. मेलमनसारखं लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर टू आणि सीसीमध्ये आपला पत्ता शोधतं. लिफाफ्यावर पत्ता आहे पण पत्रात नाही असं दिसलं, तर ते मेल सहसा अडवून ठेवतं.
- समोरच्याने सीसीत चूक केली, तर शांतपणे लिस्ट परत जोडा आणि पुढे चला. घेताना उदार राहायचं ते इथेच.

त्या मेंटेनरने माझ्याशी हेच केलं होतं. ओरडले नाहीत, उपदेश केला नाही, फक्त गाळलेली प्रत जागेवर परत ठेवली. आता मी त्याच लिस्टवर कधीमधी नव्या मुलांचे पॅच बघतो. दर आठवड्याला कुणीतरी मला एकट्याला उत्तर पाठवतं. मी लिस्टचा पत्ता सीसीमध्ये घालतो, वर एक ओळ लिहितो आणि मुद्द्याचं बोलतो.